स्टुडंट व्हिसाची फाइल नेमकी कुठे फसते

ऑफर लेटर आलं की आता फक्त तिकीट काढायचं राहिलं, असं धरून चालणारे फार. पण विद्यापीठ तुमचे मार्क बघतं आणि व्हिसा अधिकारी तुमचे कागद बघतो. त्याच्यासमोर एक अनोळखी नाव, काही पीडीएफ आणि जेमतेम काही मिनिटं असतात. तेवढ्यात त्याला ठरवायचं असतं की हा माणूस खरंच शिकायला चाललाय का, पैसे कोण भरणार, ते पैसे खरे आहेत का, आणि एका कागदावर लिहिलेलं दुसऱ्या कागदाशी जुळतंय का. शेवटचा मुद्दा सगळ्यात कंटाळवाणा, आणि फायली फसतात त्या बहुधा तिथेच. नशीब, अधिकाऱ्याचा मूड, 'यंदा फार रिजेक्ट करताहेत' ही सगळी नंतरची समजूत. आधी तारखा, आकडे आणि नावं तपासा.

पहिली गल्लत ऑफर लेटरवरूनच होते. बहुतेक देशांत ऑफर लेटरवर व्हिसाचा अर्ज करताच येत नाही. प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ देतं तो वेगळा पुरावा लागतो: अमेरिकेला आय-२०, ब्रिटनला कॅस, ऑस्ट्रेलियाला सीओई. कॅनडाला लेटर ऑफ ॲक्सेप्टन्स लागतं आणि बहुतांश अर्जदारांना त्याच्या जोडीला प्रांताचं पीएएल, म्हणजे त्या प्रांताच्या कोट्यात तुमची जागा आहे असं सांगणारं पत्र. कॅस हा तर कागदसुद्धा नाही, विद्यापीठाने ब्रिटनच्या गृहखात्याच्या यंत्रणेत नोंदवलेली माहिती आणि तिचा एक क्रमांक, एवढंच. विद्यापीठ तुम्हाला जी पीडीएफ पाठवतं ती तुमच्या माहितीसाठी. अधिकारी मूळ नोंद बघतो. म्हणून पीडीएफमध्ये जन्मतारीख चुकलेली दिसली तर अर्जाबरोबर खुलासा जोडून भागत नाही, विद्यापीठाकडून नोंदच दुरुस्त करून घ्यावी लागते. आणि एक कॅस एकाच अर्जाला चालतो. अर्ज नामंजूर झाला की नवा कॅस मागावा लागतो, आणि विद्यापीठ तो देईलच असं नाही.

कॅनडाने १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक लेटर ऑफ ॲक्सेप्टन्स थेट कॉलेजकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे एजंटने दिलेलं लेटर खरं आहे की नाही हे कॉलेजला स्वतः मेल टाकून आधीच विचारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

नावाचा घोळ

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात, मध्ये मध्ये टोकदार कंसांच्या खुणा असलेल्या. मशीन वाचतं त्या या ओळी. तिथे नाव जसं छापलंय तेच तुमचं व्हिसापुरतं नाव. आय-२०, कॅस, बँक स्टेटमेंट, इंग्रजी परीक्षेचा निकाल, कर्जाचं पत्र या सगळ्यांची तुलना त्याच्याशीच होते. मार्कशीटवर मधलं नाव आहे आणि पासपोर्टवर नाही, किंवा एकीकडे एक 'ए' जास्त आहे, एवढ्याने व्हिसा नाकारत नाहीत. पण त्याचा खुलासा फाइलमध्ये लागतो: दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, किंवा त्या संस्थेचं पत्र. खुलासा नसेल तर अधिकारी अंदाज करत बसत नाही.

आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट हा वेगळाच त्रास. अशा वेळी अमेरिकेच्या व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. पुढे तिथलं बँक खातं, लायसन्स, सगळीकडे तेच चिकटतं. शक्य असेल तर परीक्षा आणि प्रवेशअर्ज यांच्याही आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नंतर केला तर आधी काढलेला प्रत्येक कागद जुन्या नावाचा राहतो.

पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा. कॅनडाचं स्टडी परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. कोर्स दोन वर्षांचा आणि पासपोर्टला चौदा महिने उरलेत, तर परमिटही चौदा महिन्यांचंच मिळणार, आणि उरलेल्यासाठी तिथे जाऊन पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

उलटं कॅलेंडर

कोर्स सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजत या. ब्रिटनबाहेरून अर्ज करताना कोर्सच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, निकालाला साधारण तीन आठवडे धरतात. अमेरिकेचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, कोर्सच्या ३६५ दिवस आधीपर्यंत देऊ शकतात, पण व्हिसा कितीही आधी मिळाला तरी देशात शिरता येतं ते सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस. जर्मनीच्या राष्ट्रीय व्हिसासाठी मुलाखतीची तारीख मिळवणं हेच बऱ्याच ठिकाणी मोठं काम असतं. भारत, चीन आणि व्हिएतनाममधल्या अर्जदारांना तर त्याआधी एपीएसचं प्रमाणपत्र काढावं लागतं, म्हणजे तुमच्या पदव्या आणि मार्कशीट खऱ्या असल्याची पडताळणी.

वेळ खातात त्या भलत्याच गोष्टी. ब्रिटनसाठी क्षयरोगाची तपासणी लागणाऱ्या देशांतल्या अर्जदाराला ती मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, गल्लीतल्या डॉक्टरच्या एक्स-रेवर भागत नाही. तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून फार आधी काढण्यातही अर्थ नाही. काही विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयांना, काही देशांच्या नागरिकांसाठी, एटीएएस नावाची वेगळी मंजुरी लागते आणि तिला कित्येक आठवडे जातात. ती हातात असल्याशिवाय अर्जच करायचा नाही. आपल्या कोर्सला ती लागते का, हे विद्यापीठाला पहिल्याच मेलमध्ये विचारा. कॅस यायच्या दिवशी कळलं तर उशीर झालेला असतो.

पैसा: किती, कुठे, किती दिवस

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. 'खात्यात भरपूर पैसे दाखवले की झालं' हा त्यातला पहिला. प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे, आणि जरुरीपेक्षा तिप्पट रक्कम पण चुकीच्या पद्धतीने दाखवली तरी अर्ज पडतो.

ब्रिटनचा हिशेब सगळ्यात यांत्रिक, म्हणून समजायला सोपा. ११ नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चापोटी लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ आणि लंडनमध्ये १३,७६१ पौंड. त्यात पहिल्या वर्षाच्या फीची बाकी मिळवायची. समजा फी २४,००० पौंड आहे, तुम्ही ८,००० भरलेत आणि कोर्स लंडनबाहेर आहे. उरले १६,०००, अधिक १०,५३९, म्हणजे २६,५३९ पौंड. पण हे ८,००० कॅसमध्ये नोंदलेले असतील तरच गणित असं. पैसे भरले, पावती आहे, पण कॅसवर नोंद नाही, असं दिसलं तर अर्ज करण्याआधी विद्यापीठाला कॅस अद्ययावत करायला सांगा.

आता ही २६,५३९ ची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असायला हवी. सलग म्हणजे सलग. समजा तुमचं स्टेटमेंट १ जून ते २८ जून आहे. १९ तारखेला कुठलासा हप्ता कापला गेला, शिल्लक २६,५०० झाली आणि २१ ला पैसे परत भरले. झालं, पहिले अठरा दिवस वाया. २८ दिवस पुन्हा २१ जूनपासून मोजायचे. सरासरी शिल्लक किती होती याला काही किंमत नाही, सगळ्यात खालचा आकडा बघतात. स्टेटमेंटच्या शेवटच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत अर्ज करायचा, म्हणजे या उदाहरणात नवे २८ दिवस १८ जुलैला पूर्ण होतात, तिथपर्यंतच्या स्टेटमेंटवर १८ ऑगस्टपर्यंत. आणि अर्जाचा दिवस म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून फी भरली तो दिवस, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा, म्हणजे बायोमेट्रिकचा नव्हे.

पैसे दुसऱ्या चलनात असतील तर गृहखातं ओआंडा या चलनांचे दर देणाऱ्या संकेतस्थळावरचा अर्जाच्या दिवसाचा दर लावतं. स्टेटमेंट काढलं त्या दिवशी रक्कम काठावर बसत होती आणि पौंड वर गेला, तर तुम्ही कमी पडलात. पाच टक्के तरी जास्त ठेवा. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं, कायदेशीर पालकांचं चालतं. काका, मामा, थोरला भाऊ यांचं चालत नाही, मग त्यांच्याकडे कितीही असोत. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि पैसे वापरायला त्यांची संमती असल्याचं पत्र जोडायचं. जन्मदाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर, आणि त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख, संपर्क. शेअर, घर, जमीन यांचे मूल्यांकन अहवाल या हिशेबात शून्य. मान्यताप्राप्त शैक्षणिक कर्जाचं पत्र चालतं, मात्र कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं आणि पत्र अर्जाच्या सहा महिन्यांच्या आतलं. त्याला २८ दिवसांची अट नाही. माझ्या मते कर्जाचं पत्र ज्यांना मिळू शकतं त्यांनी रोकड जमवाजमव करण्यापेक्षा तेच वापरावं, हिशेब स्वच्छ राहतो.

हे झालं राहण्याच्या खर्चाचं. त्याखेरीज आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड अर्ज करतानाच भरायचे असतात, आणि ते कोर्सच्या नव्हे, व्हिसाच्या मुदतीवर मोजतात. बारा महिन्यांच्या कोर्सला आधी एक आणि नंतर चार महिने जोडून व्हिसा मिळतो, म्हणून एका वर्षाच्या मास्टर्सला दीड वर्षाचे १,१६४ पौंड जातात. हे पैसे दाखवायच्या शिलकीतून भरू नका. २८ दिवस नीट पाळून शेवटच्या क्षणी घाईत त्याच खात्यातून फी भरणारे असतात. स्टेटमेंट आधीचं असल्याने ते कागदोपत्री बहुधा निभावतं, पण अधिकाऱ्याने ताजी शिल्लक मागितली तर काय दाखवणार?

जर्मनीत वेगळी तऱ्हा. तिथे सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरोप्रमाणे वर्षाचे ११,९०४ युरो त्यात अडकवायचे, आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ च्या हप्त्याने ते आपल्याच हातात येतात. इथे होणारी चूक अगदी क्षुल्लक दिसते. घरून बरोबर ११,९०४ पाठवले, वाटेतल्या बँकेने आपलं शुल्क कापलं, पोचले ११,८८० च्या आसपास. मग रक्कम पूर्ण झाल्याचं पत्रच निघत नाही, उरलेले वीस-पंचवीस युरो पाठवायला पुन्हा तेवढंच शुल्क आणि चार-पाच दिवस. पैसे पाठवताना सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडा आणि खातं उघडून देणाऱ्या कंपनीची फी धरून शंभर-दीडशे युरो जास्तच पाठवा. जास्तीचे बुडत नाहीत.

कॅनडाने १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी राहण्याचा खर्च २२,८९५ कॅनेडियन डॉलर धरला आहे (क्वेबेकचा हिशेब वेगळा), त्यात पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा मिळवायचा. ऑस्ट्रेलियात १० मे २०२४ पासून वर्षाचा आकडा २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, वर फी आणि प्रवास. हे आकडे दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचा आकडा वापरू नका. अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी पानावर जाऊन बघा.

अमेरिकेत ठराविक आकडा नाही. तुमच्या आय-२० वर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो, आणि तो कुठून येणार तेही. अधिकाऱ्याला तेवढं सहज हाताशी असलेलं दाखवायचं आणि पुढच्या वर्षांचं पटेल असं सांगायचं. इथे २८ दिवसांसारखा नियम नाही, म्हणून लोक सैल होतात. पण प्रश्न तोच असतो: हा पैसा आला कुठून?

त्याचं उत्तर स्टेटमेंटच देतं. सहा महिन्यांचं स्टेटमेंट समोर घेऊन अधिकाऱ्याच्या नजरेने वाचा. पगाराच्या दाखल्यावर एक आकडा आहे आणि खात्यात दरमहा जमा होणारा आकडा त्याच्या निम्मा आहे का? चार महिने शिल्लक नाममात्र आणि मग एका दिवशी एकदम मोठी रक्कम? ती जमीन विकून आलेली असू शकते, ठेव मोडून आलेली असू शकते, त्यात गैर काही नाही. पण मग विक्रीचा दस्त, ठेव मोडल्याची पावती जोडा आणि एका पानावर सरळ लिहा: अमुक तारखेला अमुक रक्कम, या कारणाने, पुरावा पान क्रमांक इतका. ज्या जमेचा कागद तुमच्याकडे नाही ती जमा तुमच्या विरोधात जाते.

आणि हो, महिनाभरासाठी खात्यात पैसे 'ठेवून देणारे' लोक असतात, टक्केवारी घेऊन. ती रक्कम तुमची नाही, हे बँकेकडे एक चौकशी केली की उघड होतं. त्यानंतर प्रकरण अपुऱ्या पैशांचं राहत नाही, फसवणुकीचं होतं.

लपवालपवी किती महाग पडते

आधी कधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला आहे का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर असतो. पर्यटक व्हिसा असो, दहा वर्षांपूर्वीचा असो, दुसऱ्या देशाचा असो, उत्तर 'हो' असेल तर 'हो'च लिहायचं. जुना नकार ही अडचण आहे, पण पेलण्यासारखी. खोटं सापडलं तर मात्र ब्रिटन दहा वर्षं दारात उभं करत नाही, कॅनडा पाच वर्षं. ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षं, ओळखच खोटी सांगितली असेल तर दहा. अमेरिकेत तर ती बंदी सूट मिळेपर्यंत कायमची. हे देश आपापसांत बोटांचे ठसे आणि नोंदी पडताळतात, त्यामुळे 'त्यांना कुठे कळणार' हा भरवसा फुकटचा आहे.

एजंटने फॉर्म भरला असेल तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. फॉर्मवर सही तुमची, जबाबदारी तुमची. सबमिट करण्याआधी पूर्ण पीडीएफ मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. ईमेलचा रकाना खास बघा. तिथे एजंटचा पत्ता असेल तर निकाल, जादा कागदांची मागणी, उत्तराची मुदत, सगळं त्याच्याकडे जाणार आणि तुम्हाला तो सांगेल तेव्हा कळणार.

अमेरिकेच्या डीएस-१६०, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्मबद्दल दोन-तीन व्यावहारिक गोष्टी. पान उघडं ठेवून वीसेक मिनिटं काही केलं नाही तर ते बंद पडतं, म्हणून सुरुवातीलाच मिळणारा अर्ज क्रमांक आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा, आणि प्रत्येक पानावर सेव्ह करा. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात. बंद केलेलं पण वापरलेलं खातंही त्यात येतं. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ही खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं जातं. फोटो ५१ बाय ५१ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला, चष्म्याशिवाय. चुकलेला फॉर्म दुरुस्त करायला नवा भरला तर पुष्टीपत्रावरचा क्रमांक बदलतो, आणि मुलाखतीच्या नोंदणीत जुनाच राहिला तर दारावरून परत पाठवू शकतात. नोंदणीतही क्रमांक बदलून घ्या.

सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकेची यंत्रणा, तिची ३५० डॉलर फी ही १८५ डॉलरच्या व्हिसा फीपेक्षा वेगळी. ती आय-२० वरच्या 'एन' ने सुरू होणाऱ्या क्रमांकाला चिकटते. हातात तीन विद्यापीठांचे आय-२० असतील तर जिथे जायचं नक्की आहे त्याच क्रमांकावर भरा, मुलाखतीच्या निदान तीन दिवस आधी. आणि आय-२० वर खाली विद्यार्थ्याच्या सहीची जागा असते, ती कोरी ठेवून जाऊ नका.

एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) आणि खिडकीवरची दोन मिनिटं

'तुमचं विद्यापीठ जगप्रसिद्ध असून मला लहानपणापासून संगणकाची आवड आहे.' हे वाक्य अधिकाऱ्याने आज सकाळपासून कितीतरी वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी: 'तीन वर्षं मी गोदामाच्या साठ्याचं नियोजन एक्सेलवर करतोय. या कोर्सच्या दुसऱ्या सत्रात मागणीच्या अंदाजावर जो विषय आहे तो मला हवा आहे, कारण माझ्या कंपनीत हे काम करणारं कोणी नाही.' यात फुशारकी नाही, पण तपासता येण्याजोग्या चार गोष्टी आहेत. विषयांची नावं कोर्सच्या पानावरून घ्या, आणि तुमच्याच कोर्सच्या पानावरून. दुसऱ्या विद्यापीठासाठी लिहिलेल्या एसओपीत नाव बदलायचं राहून जाणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो.

शिक्षणात खंड असेल तर तो तुम्हीच सांगा, महिन्यांसकट. आधीच मास्टर्स झालं असताना पुन्हा पदविकेला चालला असाल, किंवा वाणिज्य सोडून स्वयंपाकशास्त्राकडे वळला असाल, तर अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असणार. त्याचं उत्तर एसओपीच्या पहिल्या अर्ध्या पानात हवं. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून जुनं लांबलचक निवेदन बंद करून 'जेन्युइन स्टुडंट' प्रश्न आणले. फॉर्ममध्येच उत्तरं द्यायची, प्रत्येकी जास्तीत जास्त १५० शब्द. १५० शब्दांत पाल्हाळ बसत नाही, हे बरंच झालं. मात्र उत्तरात केलेल्या प्रत्येक विधानाचा कागद जोडायला विसरू नका.

अमेरिकेची मुलाखत बहुधा दोन-तीन मिनिटांत आटपते. जाड फाइल उघडलीही जात नाही, मागितल्याशिवाय कागद सरकवू नका. हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, ते काय करतात, शिकून झाल्यावर पुढे काय, एवढ्याभोवती ती फिरते. पाठ केलेलं उत्तर लगेच ऐकू येतं, कारण प्रश्न थोडा वळवला की पाठांतर तुटतं. 'वडील काय करतात?' ला 'बिझनेस' हे उत्तर अपुरं आहे. कसला, किती वर्षांपासून, वर्षाला साधारण किती मिळकत, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि ते फॉर्मवरच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. ब्रिटनही निवडक अर्जदारांना व्हिडिओवर बोलावतं. तिथे फी किती, त्यातली किती भरली, राहणार कुठे असे साधे प्रश्न अडवतात, कारण सगळं एजंटनेच केलेलं असतं.

बायोमेट्रिकबद्दल एकच: बोटाला भाजलं असेल किंवा खोल कापलं असेल तर ठसा उमटत नाही आणि पुन्हा यावं लागतं. तारखेच्या आधीचे काही दिवस हात जपा.

नाकारलं तर

पत्र शांतपणे वाचा आणि कलम शोधा. अमेरिकेत २१४(बी) म्हणजे तुम्ही केवळ शिकायला जाऊन परत येणार हे अधिकाऱ्याला पटलं नाही. त्यावर अपील नाही, नवी फी भरून पुन्हा अर्ज. तो लगेच दुसऱ्या आठवड्यात त्याच कागदांवर करण्यात काही हशील नाही, परिस्थितीत काहीतरी बदललेलं दाखवता आलं पाहिजे. २२१(जी) वेगळं. त्यात कागद मागितलेले असतात किंवा पडताळणी चालू असते, आणि मागितलेले कागद द्यायला वर्षभराची मुदत असते. ब्रिटनबाहेरून २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते, पण त्यात अधिकाऱ्याची चूकच दाखवायची असते, राहून गेलेला कागद जोडता येत नाही. चूक तुमची असेल तर नवा अर्ज बरा. कॅनडाच्या नकाराविरुद्ध बाहेरून ६० दिवसांत फेडरल कोर्टात जाता येतं. जर्मनीची वकिलातीकडेच फेरविचार मागायची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज किंवा थेट बर्लिनचं प्रशासकीय न्यायालय.

मिळाल्यावर, लगेच

मिळालेल्या व्हिसावरचं नाव, जन्मतारीख, कोर्सची मुदत, कामाची अट त्याच दिवशी वाचा. चूक दुरुस्त करायला निघण्याआधीचा काळ सगळ्यात सोपा. ब्रिटनच्या विद्यार्थी अर्जदारांना १५ जुलै २०२५ पासून पासपोर्टवर स्टिकर मिळत नाही, सगळं ई-व्हिसावर. म्हणजे यूकेव्हीआयचं, ब्रिटनच्या व्हिसा विभागाचं, ऑनलाइन खातं उघडून त्याला पासपोर्ट जोडलेला हवा, आणि मध्ये पासपोर्ट नवा केला तर खात्यातही बदलायला हवा, नाहीतर विमान कंपनीला तुमचा व्हिसा दिसतच नाही. कॅनडाला घरी येतं ते परवानगीचं पत्र. खरं स्टडी परमिट तिथल्या विमानतळावर छापून देतात. ते हातात आलं की काउंटरवरून हलायच्या आधी मुदतीची तारीख आणि खालच्या अटींतली कामाच्या परवानगीची ओळ वाचा, रांग मागे कितीही लांब असली तरी. ऑफर, पैशांचे पुरावे, फीच्या पावत्या, राहण्याचा पत्ता यांचा संच हाताशी असलेल्या बॅगेतच ठेवा. इमिग्रेशनची खिडकी सामानाच्या पट्ट्याच्या आधी येते.